भाड्याच्या सेटची पाठ

नाटक कसं उभं राहतं यावरच नाटक करायचं ठरवलं की भाड्याच्या सामानाचा सगळा हिशेब उलटा होतो. एरवी फ्लॅटची, म्हणजे सेटच्या भिंतीच्या सुट्या तुकड्याची, रंगवलेली बाजू धड असली की भागतं. मागे कुठे ठिगळ आहे, कुठे सुतळी आवळली आहे, याच्याशी प्रेक्षकाला देणंघेणं नसतं. पण विंगेतली धावपळ, कपडेपटवाल्याची चिडचिड, प्रॉम्प्टरची कुजबुज हाच विषय असेल तर लोक दोन तास बघतात ती पाठच. मायकेल फ्रेन यांच्या १९८२ सालच्या ‘नॉइजेस ऑफ’ या इंग्रजी नाटकात तर दुसऱ्या अंकाला अख्खा सेट फिरवून मागून दाखवतात. आपल्याकडची हौशी मंडळं असं काही लिहून बसवायला घेतात तेव्हा संहितेवर महिनोन्‌महिने घासाघीस होते. सेट मात्र आठ दिवस आधी भाड्याने ठरतो, आणि नाटक पडतं ते तिथे.

हे परीक्षण कुडाळ ते कणकवली पट्ट्यातल्या एका भाड्याच्या गोदामाचं. फ्लॅट, लेव्हल (उंचवट्याचे चौथरे), पडदे, दिवे, साऊंड सगळं एकाच छपराखाली मिळतं. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि हायवेच्या या पट्ट्यात सगळे एकमेकांना ओळखतात. मोठा सेट कोल्हापूरहून घाटातून उतरवायचा तर गाडीभाड्यातच निम्मं बजेट जातं, म्हणून मालवणपासून सावंतवाडीपर्यंतची मंडळं असल्याच गोदामांकडे वळतात. त्यामुळे इथला माल नेमका कसा आहे हे कळलेलं बरं.

आधी आपल्या प्रेक्षकाबद्दल. दशावतार बघत वाढलेल्या माणसाला पडद्यामागचं जग नवं नाही. जत्रेत देवळाच्या पडवीत किंवा मांडवाच्या कडेला उघड्यावर रंगपट मांडलेला असतो. पेटारा उघडतो, नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतात, पोरं तोंडाचा आ करून बघत उभी असतात. रंगमंचावर एक बाकडं, तेच सिंहासन आणि तेच डोंगर. अशा प्रेक्षकाला खोटा रंगपट लगेच कळतो. आरशाभोवती चकचकीत बल्ब आणि हँगरवर इस्त्रीचे कपडे लावून तुम्ही ‘हे बॅकस्टेज’ म्हणालात तर मागच्या रांगेतून खसखस पिकते. संस्कृत नाटकात ‘नेपथ्य’ म्हणजे मुळात पडद्यामागची वेष चढवायची जागा. शब्दाचा अर्थ नंतर पुढे सरकून सेटवर येऊन बसला. या जातीच्या नाटकात तो परत मागे न्यायचा असतो.

तर फ्लॅट. या गोदामात दोन प्रकार आहेत. आठ बाय चारचा, दोन बाय एक इंची पट्ट्यांच्या चौकटीवर सहा मिलिमीटरचा प्लाय ठोकलेला, आणि त्याच मापाचा मांजरपाट ताणलेला कापडी. प्लायचा एक फ्लॅट सतरा-अठरा किलो भरतो, कापडी त्याच्या निम्म्याच्या आसपास. मालक प्लायचाच आग्रह धरतात, कारण तो टिकतो. इथे मात्र कापडीच मागा. मागून बघताना प्लायची पाठ म्हणजे नुसती तपकिरी फळी. कापडाची पाठ जिवंत असते. चौकट दिसते, कोपऱ्यातले त्रिकोणी तुकडे दिसतात, पुढचा रंग पाझरून उमटलेले डाग दिसतात, आणि पलीकडे दिवा लावला की त्यातून उजेड झिरपतो. पलीकडे ‘नाटक चालू आहे’ हे सांगायला त्या झिरपणाऱ्या उजेडाइतकं स्वस्त साधन नाही. दाराचे फ्लॅट तेवढे प्लायचे घ्या. कापडी फ्लॅटमध्ये दार बसवलं आणि नटाने ते धाडकन लावलं की अख्खी भिंत शिडासारखी हलते.

मालाची प्रत विचाराल तर चौकटी बऱ्या आहेत, प्लाय कमी प्रतीचा. आयएस ३०३ या प्लायच्या भारतीय मानकातला साधा एमआर ग्रेड आहे, तो दमटपणा सोसतो, पाणी सोसत नाही. चार महिने पावसात गोदामाच्या जमिनीवर उभा ठेवला की खालची कड फुगते, थर सुटतात आणि फ्लॅट सरळ उभाच राहत नाही, पायाशी डुलतो. इथल्या दहातल्या तीन-चार फ्लॅटची तीच गत आहे. निवडताना फ्लॅट सपाट फरशीवर उभा करून वरच्या कोपऱ्याला बोटाने ढकला. डुलला तर बाजूला ठेवा. तिथला पोरगा म्हणेल, “पाचर मारतंव ना खाली.” पाचर पुढून झाकली जाते, मागून नाही.

खिळ्यांचंही बघा. खाऱ्या हवेत साधा लोखंडी खिळा दोन मोसमांत गंजतो, त्याच्याभोवतीचं लाकूड काळं पडून मऊ होतं, आणि टेम्पोच्या हादऱ्यांनी सांधा सैल होतो. जे फ्लॅट स्क्रूने आवळलेले आहेत ते वेगळे काढून घ्या. इथे साधारण निम्मे तसे आहेत, आणि मागितले तर कुरकुर न करता देतात.

प्रत्येक फ्लॅटच्या पाठीवर ऑइल पेंटने दुकानाचं नाव आणि दहा आकडी मोबाइल नंबर ठसठशीत छापलेला आहे, हाताच्या पंज्याएवढ्या अक्षरांत. चोरी होऊ नये म्हणून ते समजू शकतं. पण दुसऱ्या अंकात सेट फिरतो आणि प्रेक्षकांपुढे एकाच नंबरच्या आठ जाहिराती ओळीने उभ्या राहतात. याबद्दल विचारलं तर उत्तर ठरलेलं: “मागच्यान कोण बघता?” त्यावर उपाय दोन. एक, नंबरावर दोरीचं भेंडोळं, जुना सदरा, हँडबिल असं काहीतरी टांगायचं. बॅकस्टेजला हे सगळं असतंच, त्यामुळे खोटं वाटत नाही. दोन, ड्राय डिस्टेंपरमध्ये थोडी काव घालून ते दाट ताकाइतकं कालवायचं आणि फक्त अक्षरांवर फिरवायचं. ऑइल पेंटवरून ते ओल्या फडक्याने निघतं, पण शेजारच्या कोऱ्या लाकडात मुरतं. म्हणून हात आवरून. खडूने लिहिलेल्या जुन्या खुणा, ‘अंक २ डावी’, ‘खिडकी वर’, या मात्र अजिबात पुसू नका. असला खरेपणा रंगवून आणता येत नाही.

आता फिरवण्याबद्दल. पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात आठ फ्लॅटचा सेट उलटायचा तर सुटे फ्लॅट उचलून चालत नाही. दोन-दोन फ्लॅट काटकोनात जोडून चाकांच्या पाटावर बसवावे लागतात. गोदामात असे चार तयार पाट आहेत, हे इथलं सगळ्यात मोठं आकर्षण. प्रत्येकाला चार चाकं, तीन इंची, रबराची. दोन इंची चाकं मांडवातल्या फळ्यांच्या फटीत अडकतात, त्यामुळे माप अगदी योग्य आहे. पण सोळांपैकी तीन-चार चाकांचे ब्रेक धरत नाहीत. गंजलेल्या चाकाला आदल्या दिवशी तेल द्या आणि ब्रेकवर विसंबू नका. पाट जागेवर आला की लाकडी पाचर हवीच. ती गोदामातून मिळत नाही, सुताराकडून बारा-चौदा कापून आणा. मांडवात सतरंजी किंवा मॅटिंग अंथरलं असेल तर सेटखालचं काढायला लावा. चाक सतरंजी गोळा करत जातं आणि पाट तिरका होतो.

फ्लॅट एकमेकांना जोडायला पिनवाली बिजागरं आहेत, आठ फुटांच्या सांध्याला तीन. पिन काढली की फ्लॅट सुटतो, घातली की घट्ट. ही पद्धत चांगली. फक्त पिना सुट्या डब्यात देतात, आणि अंधारात पडलेली पिन मध्यंतरात सापडत नाही. प्रत्येक पिन वीतभर सुतळीने आपापल्या बिजागराला बांधून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे.

फिरवताना गोंधळ होतो तो क्रमात. आधी सेटवरच्या दिव्यांचे प्लग काढायचे. हे विसरलं की पाट वळताना वायर चाकाखाली येते. मग दारांच्या कड्या लावायच्या, नाहीतर वळताना दार उघडून एखाद्याचं बोट चेमटतं. त्यानंतर सांध्यांच्या पिना काढायच्या, आणि मग कडेचे दोन पाट आधी विंगेत ओढायचे. मधल्यांना फिरायला जागा तेव्हाच मिळते. ते वळून बसले की कडेचे उलटे करून परत आत. जमिनीवर दोन रंगांच्या इन्सुलेशन टेपने खुणा करून ठेवा, लाल पहिल्या अंकाच्या, पिवळ्या दुसऱ्याच्या. पाटाच्या फक्त दोन कोपऱ्यांच्या खुणा पुरतात. चारही केल्या की कुठली कुणाची तेच कळत नाही. एका पाटाला दोघं आणि पिना-वायरींना एक, अशी नऊ माणसं असतील तर आठ-नऊ मिनिटांत होतं. पाच माणसांत पंधरा मिनिटं पुरत नाहीत, चहावाल्याला जरा सावकाश यायला सांगावं लागतं.

टेकूंचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फ्लॅट उभा राहतो मागच्या तिरकस टेकूवर. आठ फुटी फ्लॅटला तो साडेपाच-सहा फुटांवर धरतो आणि त्याचा पाय तीन-चार फूट मागे जातो. सेट उलटला की हेच टेकू प्रेक्षकांकडे येतात आणि नटांना त्यांच्यामधून धावायचं असतं. दिसायला ते छानच दिसतात, पण रंगमंच सोळा-सतरा फूट खोल असेल तर हालचालीला जेमतेम सात-आठ फूट उरतात. तालमीत पहिल्या दिवसापासून टेकूंच्या जागी खुर्च्या ठेवा. टेकूच्या पायावर पांढरी टेप लावा, ब्लॅकआऊटमध्ये पहिली ठेच तिथेच लागते.

टेकूवर वजन म्हणून गोदाम वाळूच्या पिशव्या देतं, दहा-दहा किलोच्या, आणि त्या गळतात. गळलेली वाळू चाकांत जाते. त्यापेक्षा जांभ्याचा चिरा बरा. चांगला चिरा पंचवीस-तीस किलो सहज भरतो आणि कोकणात तो मागायला कुठे जावं लागत नाही. फक्त गोणपाटात गुंडाळून ठेवा, नाहीतर तिसऱ्या प्रवेशापर्यंत धोतरं लाल. किनाऱ्यालगतच्या मांडवात एका टेकूला दोन चिरे लागतात. आठ बाय चार म्हणजे बत्तीस चौरस फुटांचं शीड आहे, आणि समुद्रावरून येणारा वारा प्रयोगाची वेळ बघून येत नाही.

दिवे. गोदामाकडे पाचशे वॅटचे बारा हॅलोजन फ्रेनेल (मऊ कडेचा झोत टाकणारे भिंगाचे दिवे) आणि आठ एलईडी पार (रंग बदलणारे डब्यासारखे दिवे) आहेत. हल्ली सगळे एलईडी मागतात. रंग बदलतात, तापत नाहीत, वीज कमी खातात. या नाटकाला ते कमी घ्या. कुजबुजीच्या प्रवेशात त्यांचे पंखे ऐकू येतात, आणि दहा टक्क्यांच्या खाली नेले की उजेड पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. बॅकस्टेजचा उजेड असतोच मुळी मंद, कडेचा, कुठूनतरी चोरलेला. समोरून सपाट प्रकाश टाकला तर टेकूंच्या सावल्या मरतात आणि मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते. दोन्ही विंगांतून छातीच्या उंचीवर एक-एक हॅलोजन, सेटच्या पलीकडे मागच्या पडद्याकडे तोंड करून अंबर, म्हणजे पिवळसर नारिंगी, कागद लावलेले दोन, आणि वरून टांगलेला एक साधा पिवळा बल्ब. दुसऱ्या अंकाचा पाया एवढाच. पलीकडचे दोन दिवे कापडापासून किमान तीन-साडेतीन फूट लांब हवेत. हॅलोजनपुढे मांजरपाट आधी तपकिरी पडतो, मग त्याला वास येतो, आणि त्यानंतर वेळ नसतो. दोन अग्निशामक नळकांडी दोन विंगांत, गोदामाच्या यादीत ती नाहीत. हॅलोजनचा बल्ब बदलताना उघडं बोट काचेला लावू नका. बोटाचा तेलकटपणा तापून काच तिथेच फुगते. गोदामाचा माणूस फडक्याने धरतो आणि दोन बल्ब जादा ठेवून जातो, याबद्दल त्याला पूर्ण गुण.

विजेचा हिशेब त्यांच्यावर सोडू नका. बारा हॅलोजन म्हणजे सहा किलोवॅट, आठ एलईडी साधारण सव्वा, साऊंडचे दोन धरले तरी सव्वानऊ. पंधरा केव्हीएचा जनरेटर बारा किलोवॅटपर्यंत देतो, म्हणजे पुरतो, पण बाहेरच्या भजीवाल्याने त्याच्यावरून लाइन ओढली नसेल तर. गोदामाच्या केबली दीड चौरस मिलिमीटरच्या आहेत. त्यावर दोन हॅलोजन ठीक, चार नाही. आणि केबलचं भेंडोळं पूर्ण सोडूनच वापरा, गुंडाळलेली केबल आतून तापते. थ्री-फेजवर न्यूट्रलचा स्क्रू स्वतःच्या डोळ्यांनी आवळलेला बघा. तो सुटला तर एखाद्या फेजवर २३० च्या जागी कितीतरी जास्त व्होल्टेज चढतं आणि डिमर, मिक्सर एका झटक्यात जातात. एलईडी आपोआप लुकलुकायला लागले तर दोष दिव्यात नसतो. कंट्रोलची केबल म्हणून माइकची केबल दिलेली असते, किंवा शेवटच्या दिव्याला टर्मिनेटर, म्हणजे कंट्रोलची लाइन बंद करणारी १२० ओहमची टोपी, नसतं. इथे दोन्ही चुका होतात. टर्मिनेटर मागितलं की ड्रॉवरमधून निघतं.

साऊंडबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मिक्सर चांगला, कॉर्डलेस माइक जुने. घामाने त्यांचे ट्रान्समीटर बंद पडतात, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला बांधा आणि सेल मध्यंतरात नवे घाला. साऊंडला डिमरपासून वेगळी फेज द्या, घरघर तिथेच संपते. तिसरी घंटा मात्र रेकॉर्ड केलेली वापरू नका. गोदामात शाळेतली पितळी घंटा आहे, वेगळं भाडं न लावता देतात. तिचा आवाज विंगेतून आला की प्रेक्षक नकळत सावरून बसतात, आणि नाटकातल्या नाटकाची घंटा असूनही मागे मोबाइल बंद होतात.

रंगपटाचा आरसाही इथेच मिळतो. लाकडी चौकट, भोवती आठ होल्डर. होल्डरांत चाळीस वॅटचे बल्ब असतात, ते काढून अगदी मंद पिवळे एलईडी घाला, नाहीतर नटाचा चेहरा दिसतच नाही. काच समोरचा स्पॉट थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत फेकते. आरसा वरून दोन इंच पुढे कलता टांगा, किंवा काचेवर साबणाचा ओला हात फिरवून वाळू द्या. कपडेपटाची ट्रंक मात्र गोदामातली घेऊ नका, ती नवी कोरी आहे. कुणाच्या तरी माळ्यावर पोचे पडलेली, कापराचा वास मारणारी पत्र्याची ट्रंक असतेच.

ने-आण. आठ फुटी फ्लॅट छोट्या हत्तीत बसत नाही. त्याचा हौदा जेमतेम सात फुटांचा, फ्लॅट फूटभर बाहेर राहतो आणि खड्ड्यात आपटून कोपरा फुटतो. फुटलेल्या कोपऱ्याचे पैसे तुमच्या डिपॉझिटमधून जातात. मोठा टेम्पोच सांगा, फ्लॅट आडवे न रचता उभे लावून घ्या, रंगीत बाजू रंगीत बाजूला. सामान सांगितलेल्या वेळेपेक्षा तास-दीड तास उशिरा येतं, हे गृहीत धरूनच वेळ द्या. भाडं चोवीस तासांचं, दुसऱ्या दिवसाला निम्मं, हमाली वेगळी. सेट लावायला एक सुतार बरोबर येतो आणि त्याचे पैसे भाड्यातच धरलेले असतात. तो माणूस कामाचा आहे. उलट्या सेटचं दार उलट्या बाजूला उघडतं हे त्याला सांगावं लागत नाही. दमटपणात दार फुगून अडकतं म्हणून चौकटीत पाच मिलिमीटरची फट तो आपणहून ठेवतो.

परत करताना मोजदाद कडक असते. पिना एकेक मोजतात, कमी पडलेल्या प्रत्येकीचे पैसे लावतात, म्हणूनही ती सुतळी बांधून ठेवायची. शेवटी पोरगा प्रत्येक फ्लॅट फिरवून मागून बघतो. प्रयोगाआधी ‘मागच्यान कोण बघता’ म्हणणारा हाच. कावेचा रंग पुसला आहे ना, नंबरातले दहाच्या दहा आकडे वाचता येतात ना, हे बघून मगच डिपॉझिटची पावती फाडतो.